चिकटवलेलं सुटतं कसं?

बांधकाम साहित्य आणि पर्यावरण या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं, आणि पत्रांचा ढीग आला. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली आहे, म्हणून त्यातली पाच पत्रं निवडून, जरा आटोपशीर करून इथे घेतली आहेत. माझी नोकरी टाइलच्या कारखान्यात, भट्टीशेजारच्या प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे उदाहरणं तिकडे झुकली तर चालवून घ्या.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. इन्सुलेशन बोर्ड निवडताना एका पत्रकावर ‘ईपीडी प्राप्त, म्हणून पर्यावरणपूरक’ असं वाचलं. दुसऱ्या एका लाकडी तंतूंच्या बोर्डाचा कार्बनचा आकडा तर चक्क उणे आहे. मॅडम, हे अहवालात जसंच्या तसं लिहू का?

उत्तर : उणे आकडा लिहा, पण तो तक्त्याच्या कुठल्या रकान्यातला आहे तेही शेजारी लिहा. ‘म्हणून पर्यावरणपूरक’ हे मात्र खोडून टाका. ईपीडी, म्हणजे एन्व्हायर्न्मेंटल प्रॉडक्ट डिक्लरेशन, ही शाबासकी नाही. औषधाच्या खोक्यावर घटक छापलेले असतात तशातलाच हा उत्पादनाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा तक्ता. घटक छापले म्हणून औषध लागू पडेलच असं कोणी म्हणत नाही. आयएसओ १४०२५ या मानकाप्रमाणे तो तयार होतो, बांधकाम साहित्याला युरोपात ईएन १५८०४ लावतात, त्रयस्थ तपासनीस आकडेमोड पडताळतो आणि साधारण पाच वर्षांनी मुदत संपते. अगदी वाईट उत्पादनाचीही ईपीडी निघू शकते. तशी ती काढणाऱ्या कंपनीचं मी तर कौतुकच करीन, निदान आकडे उघड्यावर ठेवले.

आता रकाने. ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल, त्याची ने-आण आणि कारखाना. ए४ आणि ए५ म्हणजे साइटवर नेणं आणि बसवणं. बी हा वापराचा काळ, त्यात दुरुस्ती आणि बदलही आला. सी म्हणजे पाडणं, वाहून नेणं आणि विल्हेवाट. डी वेगळा ठेवतात, कारण साहित्य पुन्हा कुठे कामी आलं तर होणारा फायदा-तोटा त्यात मांडतात. जाहिरातीत बहुधा ए१ ते ए३ एवढंच येतं. कारखान्याच्या दारापर्यंतचे आकडे कंपनीच्या हातात असतात आणि ते देखणेही असतात.

लाकडी बोर्डाची मेख इथेच आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर लाकडाचं कोरडं वजन ४५० किलो धरा, त्यात २२५ किलो कार्बन, म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला ८२५ किलो कार्बन डायऑक्साइड. ए मध्ये तो वजा होतो, म्हणून आकडा उणे. पुढे कधीतरी बोर्ड जाळला की तो सगळा सी मध्ये परत जमा होतो. ईएन १५८०४ मध्ये २०१९ साली सुधारणा झाली आणि थोडे अपवाद सोडता सी आणि डी दाखवणं सक्तीचं झालं, त्यामुळे ही पळवाट बरीचशी बुजली. याचा अर्थ लाकूड फसवं असा नाही. जंगल नीट राखलेलं असेल आणि बोर्ड साठ वर्षं भिंतीत राहिला, तर तेवढी वर्षं तो कार्बन हवेबाहेर राहतो. ते मोलाचंच आहे.

फोमच्या बोर्डाचं उलट होतं. त्यात फुगवण्यासाठी भरलेला वायू कुठला, ते विचारा. जुन्या पद्धतीच्या काही फोममध्ये एचएफसी-१३४ए हा वायू वापरत, त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात १,३०० ते १,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक. तो बोर्डातून वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतो आणि तोडफोडीत बराच सुटतो, म्हणून कारखान्याच्या रकान्यात पुरता दिसतच नाही. मॉन्ट्रियल कराराला २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनंतर हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आहे. आणि किलोला किलो लावू नका. एक चौरस मीटर भिंतीत तेवढीच उष्णता अडवायला कुठला बोर्ड किती जाड, किती वजनाचा लागतो ते काढा आणि मग तुलना करा. विद्यार्थ्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते हेच.

जाता जाता गंमत सांगते. हा हिशेब इमारतींवरून सुरू झालेला नाही. कोका-कोला कंपनीने १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून शीतपेयाच्या बाटल्या-डब्यांची तुलना करून घेतली. अशा अभ्यासांतला तो अगदी सुरुवातीचा मानतात.

प्रश्न : आमचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. मोठे ग्राहक आता ‘ब्लॉकमागे कार्बन किती’ असं विचारतात. शेडवर सोलर बसवू असं मुलगा म्हणतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सोलर बसवा, त्यात नुकसान काहीच नाही. पण सुरुवात सिमेंटच्या सायलोपासून करा. तुमच्या ब्लॉकमध्ये वजनाने सिमेंट १५ टक्क्यांच्या आसपास असेल, पण कार्बनच्या हिशेबात खडी, वाळू, वीज आणि डिझेल हे सगळे मिळूनही त्याच्या जवळ येत नाहीत. सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी; ती तापवली की १०० किलोतले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. भट्टी १,४५० अंशांवर ठेवायचं इंधन वेगळं. भट्टीतून भाजून निघालेले जे गोळे दळून सिमेंट करतात, ते क्लिंकर. एक टन क्लिंकरमागे एकूण साधारण ८५० किलो वायू निघतो, आणि त्यातला जवळजवळ ६० टक्के दगडातूनच आलेला असतो. सिमेंटवाल्याने उद्या भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो तसाच निघणार. म्हणून तुमच्या हातात आहे ते एवढंच की ब्लॉकमागचं क्लिंकर कमी करायचं.

यावर सगळे ‘फ्लाय ॲश टाका’ म्हणतील. टाका, स्लॅगही टाका, दोन्ही उत्तम. फक्त एवढं लक्षात ठेवा की फ्लाय ॲश, म्हणजे बारीक राख, कोळशाच्या वीजकेंद्रातून येते आणि स्लॅग, म्हणजे मळी, लोखंडाच्या झोतभट्टीतून. दोन्ही उद्योग बदलू लागले की हा माल कायम हवा तेवढा मिळेल असं नाही. दूरचं बघायचं तर भाजलेली माती आणि चुनखडीचं सिमेंट, एलसी३, यावर नजर ठेवा. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या कॅरन स्क्रिव्हनर आणि क्यूबा व भारतातले त्यांचे सहकारी यांनी ते पुढे आणलं. त्यात क्लिंकर साधारण निम्मं, भाजलेली माती ३० टक्के, न भाजलेल्या चुनखडीची पूड १५ टक्के आणि थोडं जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली तरी पुरते आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही, म्हणून नेहमीच्या सिमेंटच्या मानाने उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटतं.

पण बदली शोधण्याआधी जे वाया जातंय ते थांबवा. माझ्या मते छोट्या कारखान्यात खरा पैसा आणि खरा कार्बन इथेच असतो. वाळूचा ढीग वरून कोरडा आणि आत ओला. लोडर कुठून वाळू उचलतो त्यावर प्रत्येक बॅचचं पाणी बदलतं. चांगला ऑपरेटर मिक्सरमधला मूठभर माल घेऊन दाबतो: गोळा टिकला पाहिजे, तळहात ओलसर झाला पाहिजे, बोटांतून पाणी निघता कामा नये. त्याचा हात चांगला असतो, पण तो दुपारी जेवायला जातो. मग कोणीतरी ‘असू दे’ म्हणून सिमेंट कायमचं वाढवून ठेवतं आणि ते वाढलेलं सिमेंट रेसिपीतच राहून जातं. वाळूच्या हॉपरला ओलावा मोजणारा सेन्सर लावा. त्याने पाणी स्थिर होतं, ताकदीचा चढउतार कमी होतो, आणि चढउतार कमी झाला की सुरक्षिततेसाठी घातलेलं जादाचं सिमेंट काढता येतं. खडीच्या मापांचं प्रमाण नीट बसवा. मोठ्या खड्यांमधल्या पोकळ्या बारीक खडीने भरल्या नाहीत तर त्या सिमेंटच्या पेस्टने भराव्या लागतात, आणि तो सगळ्यात महाग भराव.

दुसरं, वेळ. सातव्या दिवशी ट्रक भरायचा म्हणून लवकर ताकद हवी, आणि लवकर ताकदीसाठी जास्त सिमेंट. यार्डात जागा करून माल आणखी काही आठवडे ठेवता आला, तर स्लॅग किंवा फ्लाय ॲशचं प्रमाण वाढवूनही तीच ताकद मिळते, कारण ही मंडळी सावकाश काम करतात. क्युअरिंगची, म्हणजे ब्लॉक ओलसर ठेवून पक्के होऊ देण्याची, खोली नीट बंद ठेवा. ब्लॉक स्वतःच उष्णता सोडतात, ती आणि ओल आत कोंडली तर बाहेरची वाफही फार लागत नाही. वरच्या रंगीत थरात सिमेंट जास्त असतं, तो थर गरजेपेक्षा जाड पडतोय का, हे एक ब्लॉक फोडून फुटपट्टी लावून बघा. फुटलेला माल चुरून खालच्या थरात घेता येतो.

आणि ग्राहकाला एक गोष्ट स्वतःहून सांगा. हे ब्लॉक वाळूच्या थरावर बसवले तर खालची पाइप दुरुस्त करताना उचलून पुन्हा मांडता येतात. सिमेंट मॉर्टरमध्ये बसवले की पहिल्याच खोदाईत त्यांचा मलबा होतो. तुमच्या मालाचा हा गुण काँक्रीटच्या सलग रस्त्यात नाही, आणि मी पाहिलेल्या एकाही पत्रकात तो छापलेला नव्हता.

प्रश्न : घराची फरशी बदलायची आहे. यांचं म्हणणं, जवळच्या कारखान्याची घ्यावी म्हणजे वाहतुकीचं प्रदूषण वाचेल. मी म्हणते पातळ घ्यावी म्हणजे मातीच कमी लागेल. ताई, कोणाचं बरोबर?

उत्तर : तुमचं जास्त बरोबर, पण यांना अगदीच हरवू नका. एक टन टाइल बनवताना ढोबळमानाने ५०० ते ८०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. अवजड ट्रकला टनामागे दर किलोमीटरला साधारण १०० ग्रॅम धरले, तर ५०० किलोमीटरचे ५० किलो झाले. जहाजाने तर त्याहून बरंच कमी. म्हणजे दूरच्या चांगल्या भट्टीतला माल जवळच्या गळक्या भट्टीपेक्षा परवडतो. खडीचं मात्र उलट: एक टन खडी फोडायला पाचेक किलो, म्हणजे ५० किलोमीटरच्या ट्रकप्रवासात तेवढंच पुन्हा. ‘जवळचं घ्या’ हा नियम खडी, वाळू, विटा यांच्यासाठी राखून ठेवा.

जाडीचं तुमचं गणित खरं आहे. टाइलची माती पाण्यात दळून लापशीसारखी करतात, त्यात पाणी ३५ टक्क्यांच्या आसपास. स्प्रे ड्रायरमध्ये गरम हवेने ते सहा टक्क्यांपर्यंत आणतात, आणि मग भट्टी १,२०० अंशांच्या जवळपास. १० मिलिमीटरची ८ केली की चौरस मीटरमागे माती, वाळवण आणि भाजणं, तिन्हींत जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो. पण मोडण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे ताकद ३६ टक्क्यांनी घटली. खालचा थर सपाट आणि पोकळ्या न राहता भरलेला असेल तर चालेल. गवंडी चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाइल दाबणारा असेल तर जाड घ्या.

या दोन्हींहून मोठी गोष्ट म्हणजे ती किती वर्षं राहणार. समजण्यापुरते आकडे घ्या: टाइलचे चौरस मीटरमागे १४ किलो कार्बन डायऑक्साइड, चिकटवायच्या विनाइलचे ८. विनाइल स्वस्त दिसतं. पण साठ वर्षांत ते बारा-बारा वर्षांनी बदललं तर पाच वेळा मिळून ४०. टाइलचे १४ ते १४. अर्थात ती साठ वर्षं राहिली तर. टाइल झिजून काढावी लागलेली मी क्वचितच पाहिली. ती निघते ती खालून पाइप गळतो म्हणून, नाहीतर रंगाचा कंटाळा आला म्हणून. तेव्हा पाइप कुठून जातात ते आधी बघा, जमलं तर भिंतीच्या कडेने उघडता येईल अशा खाचेतून न्या, आणि एक-दोन खोकी टाइल जादा घेऊन ठेवा. आणि मुळात आत्ताची फरशी का बदलताय ते पत्रात नाही!

प्रश्न : ‘१०० टक्के रिसायकल केलेलं’ असं लिहिलेलं साहित्य डोळे झाकून घ्यावं का?

उत्तर : धातू असेल तर त्या ओळीकडे मी फारसं बघत नाही. भंगार वितळवून केलेलं पोलाद खनिजापासूनच्या पोलादापेक्षा कार्बनच्या हिशेबात खूपच हलकं असतं, हे खरं. दुसऱ्या फेरीच्या ॲल्युमिनियमला तर पहिल्या फेरीच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पण धातूचं भंगार तसंही कोणी टाकून देत नाही, त्याला भाव असतो. आणि इमारतीत गेलेलं पोलाद पन्नास-साठ वर्षांनी बाहेर येतं, म्हणजे आज मिळणारं भंगार आजच्या गरजेला पुरणारच नाही. तुम्ही ते उचललंत की दुसऱ्या कोणालातरी खनिजाचं घ्यावं लागतं. धातूच्या बाबतीत मी विचारते ते एवढंच, शेवटी तो स्वच्छ निघेल का.

काच, जिप्सम, प्लास्टिक यांचं वेगळं. त्यांचा जुना माल टाकून दिला जातो, म्हणून मागणी आली की गोळा करणारी साखळी उभी राहते. तिथे ती ओळ जरूर बघा. काचेच्या भट्टीत दर १० टक्के जुन्या काचेमागे अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते, शिवाय सोडा आणि चुनखडीतून सुटणारा वायू वाचतो तो वेगळाच. तरी पाडकामातली खिडकीची काच पुन्हा खिडकीच्या कारखान्यात क्वचितच पोचते. सिरॅमिकचा एखादा कणसुद्धा त्या भट्टीत वितळत नाही, तो तयार काचेत खड्यासारखा अडकून बसतो. प्लास्टिकला एकच सावध प्रश्न: जुन्या मालात काय होतं? जुन्या पीव्हीसीत शिशाचे क्षार असायचे. काही फोममध्ये एचबीसीडी हे आगरोधक होतं, ज्याचं नाव २०१३ मध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. असला माल दळून नव्या वस्तूत फिरवत राहणं म्हणजे कचरा लपवणं.

प्रश्न : मी ऑफिसं आणि दुकानांचं इंटिरिअर करतो. चार-पाच वर्षांनी भाडेकरू बदलला की आम्हीच केलेलं आम्हीच पाडतो. सगळं ट्रकमध्ये एकत्र. यातलं काही वाचवता येईल का?

उत्तर : पाडताना फार थोडं, बसवताना पुष्कळ. इमारतीच्या सांगाड्याला साठ-सत्तर वर्षं, बाहेरच्या आवरणाला वीस-तीस, तारा-पाइपांना पंधरा-वीस आणि तुमच्या पार्टिशनला चार-पाच. कमी टिकणारं जास्त टिकणाऱ्याला चिकटवलं की एकाच्या जाण्याने दुसऱ्याचाही बळी जातो. जिप्सम बोर्डावर टाइल डकवली, तर टाइल बदलताना बोर्ड गेला. मूळ फरशीवर गोंद ओतून कार्पेट लावलं, तर ते खरवडताना फरशी गेली.

जिप्समचंच घ्या. साधारण १५० अंशांवर तापवला की त्यातलं पाणी निघून प्लास्टर होतं, पाणी घातलं की पुन्हा जिप्सम. हे चक्र कितीही वेळा फिरवा, रसायनाची काही हरकत नाही. हरकत येते ती त्यावरच्या विनाइल वॉलपेपरची, मागे चिकटवलेल्या फोमची, भिजलेल्या कागदाची. आणि तोच बोर्ड कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यात पुरला तर हवा न लागता जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, सडक्या वासाचा विषारी वायू. म्हणून युरोपात कुजणाऱ्या कचऱ्याबरोबर जिप्सम पुरायला मनाई आहे. तुम्ही बोर्ड स्क्रूने लावा आणि ओला असताना ट्रकमध्ये टाकू नका, एवढ्यानेही तो परत घेणाऱ्याच्या कामाचा राहतो.

स्क्रूबद्दल लोक म्हणतात, वेळ लागतो. लागतो, लावताना. पण तुम्ही लावणारेही आणि काढणारेही, तेव्हा दोन्हीकडचे तास धरून बघा. स्क्रूची डोकी पुट्टीखाली गाडू नका. पॅनेलच्या सांध्यावर पट्टी लावा आणि डोकी त्या पट्टीमागे येऊ द्या. फरशीवर सैल मांडायच्या कार्पेट टाइल घ्या, म्हणजे दारातल्या मळलेल्या चार बदलता येतील. जुने गवंडी चुन्याच्या मॉर्टरने बांधत, ती वीट आजही हातोडीने साफ होऊन सुटी निघते. कडक सिमेंट मॉर्टर विटेपेक्षा घट्ट धरतो, मग सांध्याऐवजी वीटच फुटते. जोड वस्तूपेक्षा कमजोर असावा, हे सूत्र पार्टिशनलाही लागू आहे. सुटं करता येण्याजोग्या रचनेवर आता मानकही आहे, आयएसओ २०८८७, २०२० सालचं.

राहिला प्रश्न, निघालेला माल घेणार कोण? इथे गाडी अडते ती बहुधा कागदावर. पॅनेल कुठल्या कंपनीचं, किती जाडीचं, आगीच्या चाचणीत कुठल्या वर्गाचं, हे पाच वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही, मग नवा आर्किटेक्ट ते हातात घेत नाही. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून मडास्टर नावाची नोंदवही चालते, इमारतीत कुठलं साहित्य कुठे आहे याची. युरोपच्या २०२४ च्या बांधकाम उत्पादन नियमावलीतही प्रत्येक उत्पादनाच्या डिजिटल पासपोर्टची तरतूद आहे. तुम्हाला एवढं अवडंबर नको. काम संपताना प्रत्येक प्रकारच्या एका पॅनेलच्या मागे न पुसणाऱ्या पेनाने कंपनी, मॉडेल आणि साल लिहा, बिलांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि ते फोल्डर काम देणाऱ्याला न देता इमारतीच्या मालकाला द्या. भाडेकरू जातो, मालक राहतो. पुढच्या कोटेशनमध्ये ‘काढून, रचून, मोजून देणे’ अशी वेगळी ओळ टाका आणि तिचे पैसे मागा. पाडकामाच्या दरात ते काम कोणीही करणार नाही, मीही नाही.